बाहेर उघडणारी झडप

आमचं घर दगडी जोत्यावर उचललेलं आहे. फळ्यांची जमीन आणि खालची माती यांच्यामध्ये हात-दीड हात पोकळी, आणि त्या पोकळीत एक उदमांजर ठाण मांडून बसलं होतं. दिवसभर झोपायचं आणि अंधार पडला की माझ्या पलंगाखाली धावपळ. ती खडबड फोनवर मुलाच्या कानावर गेली आणि त्याला आयतंच निमित्त मिळालं.

"आई, आता एकटीनं राहणं पुरे. रविवारी न्यायला येतो. चार दिवस राहून तर बघ."

म्हणे चार दिवस! माझ्या घराला भाडेकरू बघून ठेवलाय, हे सूनबाईच्या तोंडून केव्हाच निसटलं होतं.

"रविवारी खाली आवाज आला, तर मुकाट्यानं गाडीत बसेन," मी ठणकावलं.

आणि लगेच घोळ घातला. रागाच्या भरात भरदुपारी जोत्यातल्या भोकावर जाळी ठोकली, पाहुणे आत झोपलेले असताना! ते दिवसा आत असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पण राग आला की माझे हात चालतात, डोकं नाही. संध्याकाळी खाली असा धुमाकूळ सुरू झाला, की जाळी मीच उचकटून काढली.

मग डोकं चालवलं. पालथं पडून, बॅटरी मारून पोकळी तपासली. पिल्लं नव्हती. बाकीच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडे लक्ष दिलं नाही. उरलेल्या एका भोकाला जाड जाळीची झडप टांगली. आतून ढकलली की उघडते, बाहेरून चौकटीला अडते. समोर पीठ भुरभुरलं.

सकाळी पिठात बाहेर जाणारी पावलं होती. झडपेवर बाहेरून नखांचे ओरखडेही होते. बिचारं परतून आलं होतं. मला वाईट वाटलं, पण झडप काढली नाही.

रविवारी चिरंजीव रिकामी खोकी घेऊन हजर. फळ्यांवर पाय आपटले, जमिनीला कान लावला. खाली सामसूम. मग मी त्याला झडप दाखवली.

"भारीच गं! पण बाहेर पडताना त्याला कळत नाही?"

"कसं कळणार? ते आपलं नेहमीसारखं हिंडायला निघतं. कळतं ते परत आल्यावर." मी झडप उचलून सोडून दिली. "तुझ्या त्या चार दिवसांसारखंच."

तो कानापर्यंत लाल झाला. बराच वेळ ओरखड्यांवरून बोट फिरवत बसला.

"भाडेकरूला काय सांगू?" शेवटी त्यानं हळूच विचारलं.

"सांग, घरात माणूस राहतंय. आणि तो पत्रा धर नीट, भोक कायमचं बंद करायचंय."

त्यानं पत्रा धरला. स्क्रू मीच पिळले.