हिंग माझ्यात, मान पिशवीला

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. जुना हा शब्द मी स्वतः वापरला तर चालतो. दुसऱ्याने वापरला की माझे झाकण आवळते.

माझा जन्म एका दणक्यात झाला. खाली साचा, वर साचा, मध्ये पत्रा. बडोद्याच्या मंगळबाजारातून जगदेवरावांनी आपल्या मुलासाठी मला विकत घेतले आणि पोटावर कोरून घेतले : 'चि. अनुपच्या मुंजीप्रीत्यर्थ.' अनुपने मला चार वर्षे शाळेत नेले. मग त्याला कॅन्टीन सापडले आणि मला फळी.

फळीवरून मला खाली काढले ते अनुपच्या बायकोने, नीराने. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि रविवारी पहाटे मांजलपूरहून सायकल काढून शंभर-शंभर किलोमीटर जाते. का जाते, हे तिच्या सासूला, म्हणजे प्रेमलाबाईंना, अजून कळलेले नाही. मला मात्र पहिल्याच दिवशी कळले, कारण हँडलला अडकवलेल्या थैलीत मी सर्वांत पुढे होतो. माझ्यात शेंगदाण्याची चिक्की आणि सुखडी असायची. गव्हाचे पीठ, तूप, गूळ. प्रेमलाबाई ताटात थापून वड्या पाडत. डभोईच्या अलीकडे नीरा एका हाताने माझी कडी उघडे. बाकीचे सायकलवाले माझ्याभोवती गोळा होत. "नीराबेन, डब्बो खोलो ने!" अकरा वर्षे ही माझी सत्ता होती.

मग गेल्या हिवाळ्यात दोनशे किलोमीटरची फेरी आली. राजपीपळ्यापलीकडे जायचे आणि परत यायचे, साडेतेरा तासांत. नीराने वर्षभर तिचा ध्यास घेतला होता. एकशे चाळीसाव्या किलोमीटरला तिच्या अंगावर पित्त उठले. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत लाल गांधी. अनुप गाडी घेऊन आला. परतीच्या वाटेवर मी तिच्या मांडीवर होतो आणि ती माझ्या झाकणावर नख वाजवत होती, एकसारखे, बडोदे येईपर्यंत.

डॉक्टर झाले, आणि त्यांनी आहारतज्ज्ञ शालिनीबेनकडे पाठवले. शालिनीबेननी गहू, दूध, शेंगदाणे, सोयाबीन, मका आणि टोमॅटो एका झटक्यात बंद केले. "छ अठवाडियां. जराय चाखवानुं नहीं." सहा आठवडे कडक, मग एकेक पदार्थ परत घेऊन बघायचे. जे पोटात जाईल ते वहीत लिहायचे. जाता जाता त्यांची नजर माझ्यावर पडली. "आ डब्बो नहीं. खाचामां सिंग रही जाय." खाचेत शेंगदाणा राहतो म्हणे! अकरा वर्षांची सेवा, आणि पुरावा म्हणून काय, तर एक कण.

माझ्या जागी पिशवी आली.

तिचे वर्णन मी निःपक्षपातीपणे करतो. नारिंगी, लिबलिबीत, तोंडाला बूच. कणा नाही. हिच्यात मूग-तांदळाची मऊ खिचडी भरायची आणि सायकल चालवता चालवता दाबून तोंडात घ्यायची. हिला कडी नाही, कोरलेले नाव नाही, खानदान नाही. तरी घरी आल्यावर हिला कोमट पाण्याची अंघोळ आणि खिडकीत चिमट्याला टांगून वारा. मला अकरा वर्षांत कोणी वारा घातला नाही.

माझे झाकण घट्ट, म्हणून प्रेमलाबाईंनी माझ्यात हिंगाचे फोडलेले पाकीट ठेवून दिले. पाकिटाची मागची बाजू माझ्या भिंतीला चिकटली. अंधारात दुसरे वाचायला काय असणार? मी ते वाचले. बारीक अक्षरात होते : डिंक, गव्हाचे पीठ, हिंग.

मित्रांनो, मी गप्प राहिलो. डब्याला बोलता येत नाही हे खरेच. पण येत असते तरी मी गप्पच राहिलो असतो. कारण रोज माझ्यातूनच चिमूट निघत होती आणि त्या नारिंगी बाईच्या खिचडीत पडत होती. नीरा वहीत लिही : तांदूळ, मूग, हळद, मीठ, गूळ. चौथ्या आठवड्यातही चाळीस किलोमीटर झाले की गांधी उठतच. घरी बसली की काही नाही. आणि प्रत्येक वेळी ती पिशवीकडे संशयाने पाहू लागली, की मला आतून बरे वाटे. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण सांगतो.

पाचव्या रविवारी ती साठ किलोमीटरवरून परत आली, बाह्या ओढून घेतलेल्या. "आई, मी यंदा दोनशेच्या फेरीतून नाव काढून घेते. उद्या शेवटचा दिवस आहे."

"बळ्युं, जळलं मेलं हे डाएट तुझं!" प्रेमलाबाई म्हणाल्या. "भात-मूग खाऊन कोणी दोनशे मैल जातं का?"

"किलोमीटर, आई."

"तेच ते. बस, ताजी खिचडी टाकते. पोट भरून खा आणि मग काय काढायचं ते काढ."

नीरा वही घेऊन ओट्याशी उभी राहिली. संख्याशास्त्रवाली ती, जाता जाता शेवटची नोंद तरी डोळ्यांनी बघून करावी, असे तिला वाटले असावे. प्रेमलाबाईंचा हात सवयीने माझ्याकडे आला.

"थांबा. डब्यात काय आहे?"

"हिंग गं. मुगाला हिंग नको? वायू धरेल."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"हिंग काय सांगायचा? हिंग काय जेवण आहे का? उद्या म्हणशील पाणी कुठल्या नळाचं."

नीराने मला उचलले आणि झाकण ओढले. ते निघेना. माझी कडी थोडी वाकलेली आहे, आणि घट्टपणाबद्दल माझी ख्याती आहे. तिने पुन्हा ओढले. मला पक्के ठाऊक होते की आत काय लिहिले आहे, आणि ते वाचले गेले तर जिंकणार कोण. पिशवी खिडकीत वारा खात होती. पण नीराचे बोट माझ्या झाकणावर आले आणि नख वाजले, एकदा, दोनदा, त्या गाडीतल्यासारखे.

मी उघडलो. की तिने ओट्यावर आपटल्यामुळे उघडला गेलो, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

पाकीट वाचायला प्रेमलाबाईंचा चष्मा लागला. वाचून झाल्यावर त्या पाटावर बसल्या. "म्हणजे मीच की गं तुला रोज..."

"चिमूटभर, आई. तुम्ही काय, डबाभर घातला नव्हतात," नीरा म्हणाली आणि हसू लागली. नाव तिने काढले नाही.

हिंगाविना तीन आठवडे गेले. ऐंशी किलोमीटर, मग शंभर; एक गांध नाही. पोटात गहू असताना अंगमेहनत झाली की गांधी उठतात, असा निकाल शालिनीबेननी दिला. पुढे शेंगदाण्याची परीक्षा झाली. शेंगदाणे निर्दोष सुटले! मी चकाकायचाच बाकी होतो. नीराने मला हुंगले. मग लिंबू झाले, सोडा झाला, गच्चीवरचे ऊन झाले. हिंग माझ्यातून जाईना. गव्हाच्या पिठाच्या पक्षातला माणूस झालो होतो मी. गूळ-शेंगदाण्याचा कूट पिशवीत गेला.

"पंक्चरचं सामान ठेव ना त्यात," अनुप म्हणाला. "टायरला काय हिंगाचा त्रास होणार?"

तेव्हापासून मी सीटखाली असतो. पुढे पिशवी, मागे मी. यंदाच्या दोनशेला परतीच्या वाटेवर मागच्या चाकातली हवा गेली. पिशवी तेव्हा रिकामी होऊन हँडलला लोंबकळत होती. नीरा धावत मागे आली, तिने माझी कडी उघडली आणि माझ्यातले ठिगळ काढले. तेरा तास दहा मिनिटांत ती बडोद्यात पोचली, स्वतःच्या पायांनी, गांधीविना. घरी आल्यावर प्रेमलाबाईंनी पिशवीला कोमट पाण्याने आंघोळ घातली.

तर मित्रांनो, घरातल्या प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचा, आणि चिमटीने पडणारेही वहीत लिहा. जुन्या डब्यांना अधूनमधून वारा द्या. आणि हिंग कशात ठेवायचा हे ठरवण्याआधी त्या डब्याच्या मनात अजून कुठे जायचे आहे का, एवढे विचारा.