आवाज मागे ठेव

हेडफोन काढला की त्याच्या कानामागे गोल वळ उमटलेला दिसायचा. कानावरच्या गादीच्या शिवणीचा ठसा. पूर्वी तो चहा गाळून होईपर्यंत निघून जाई. आता चहा पिऊन, कप विसळून, ओटा पुसून झाला तरी तसाच असे. कातडीखालचं मऊपण सरलं होतं, त्यामुळे दाबलेली जागा वर यायला वेळ घेत होती. त्याची बायको वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. वजन उचलल्यावर काटा शून्यावर कसा परततो, यावरून त्याची तब्येत कळते हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याच्या कानामागचा वळ ती रोज बघायची आणि त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही.

"हा हेडफोन कसा आहे?" तिनं विचारलं.

"गिटार मस्त येते. ड्रम तर छातीवर बसून वाजवतोय. पण मी ऐकू येत नाही."

हेही त्यानं अर्ध्या आवाजात, अर्ध्या हवेत सांगितलं. हल्ली त्याचं बोलणं टायरमधून हवा निसटावी तसं यायचं.

मित्र त्याला ढग म्हणत. दिवसा तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि ते इतक्या हळू आवाजात की घाबरलेल्या माणसाचे खांदे आपोआप खाली येत. "क्लच सावकाश सोडा. मागच्याला वाजवू दे हॉर्न, त्याला तेवढंच काम आहे." रविवारी मात्र एका गॅरेजमागच्या खोलीत तिघा मित्रांबरोबर तो हेवी मेटल गायचा. गायचा म्हणजे घशाच्या तळातून गडगडायचा. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "पोटात कळ आली की माणूस असा ओरडतो. आमचा हौसेनं ओरडतो." तिनंही ते संगीत कधी धड ऐकलं नव्हतं. घरी तो सराव करायला लागला की तिचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "दार लावून घे."

गेल्या वर्षी त्याचा आवाज बसायला लागला. दुसऱ्या कुणाचा बसला असता तर घरच्यांनी त्याला कधीच डॉक्टरकडे पिटाळलं असतं. ढगाचं मात्र कौतुक झालं. "काय पिकलाय रे आवाज," ड्रमर म्हणाला, "आत्ता कुठे खरा राक्षस झालास." त्याच उत्साहात चौघांनी आपली गाणी रेकॉर्ड करून घेतली. घरी बोलतानाही त्याच्या घशात घरघर असे. तिला वाटलं, रविवारचा शीण असेल. काट्यातला केसाएवढा फरक पकडणारी ती, पण रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या घशातला फरक तिच्या हातून निसटला.

सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गाठ स्वरयंत्रात खोल शिरली होती. किरणं देऊन झाली होती, पण गाठ त्यांना दाद देत नव्हती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. गळ्याला कायमचं भोक राहील आणि श्वास तिथूनच चालेल. पुढे बोलायची सोय करता येते, पण तो आवाज हा नसेल.

"ओरडल्यामुळे झालं का?" त्यानं विचारलं होतं.

"तसं म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता काढलं तर पुष्कळ आशा आहे. लांबवलंत तर काढूनही उपयोग व्हायचा नाही."

"विचार करून सांगतो."

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आधी एक चांगला हेडफोन घेऊ. आवाज जायच्या आधी एकदा नीट ऐकून घेतो. मग कळवतो त्यांना."

मागणं एवढंसं होतं. नाही कोण म्हणणार? पण पहिला हेडफोन परत गेला. दुसराही गेला. प्रत्येक वेळी त्यानं दिलेलं कारण खरं असे, हीच पंचाईत होती. दवाखान्यातून फोन आला की तो हातानंच खूण करायचा, नंतर.

"मग हाही देऊन येऊ," ती आता म्हणाली. "दुकान उघडं असेल."

"चिडलीस?"

"नाही."

"चिडलीस की तू पुसलेला ओटा पुन्हा पुसतेस."

तिनं हातातलं फडकं वाळत टाकलं.

दुकान अरुंद होतं. भिंतीभर हुकांना हेडफोन लटकत होते आणि त्यांच्यामधून वाट काढत दुकानदार हिंडत होता. त्याचा चष्मा कपाळावर होता आणि तो बहुधा दिवसभर तिथेच राहत असावा. खोका ओळखून त्यानं दोन्ही हात पसरले.

"आली का परत माहेरी? काय राव, तिसरी सोयरीक मोडलीत तुम्ही."

"आमच्याकडचाच मुलगा खट्याळ आहे," ती म्हणाली.

"मेटलच ऐकता ना, साहेब? हा घालून बघा. असा बास आहे की दात हलतील."

"बास नको," ढग म्हणाला. "आवाज हवा. माणसाचा."

"मेटलमध्ये माणूस ऐकतंय कोण? मला तर वाटायचं, गाणारा नुसता केस हलवायला ठेवलेला असतो."

ढगाला हसू फुटलं. ते घशाशी आलं आणि तिथंच अडकून त्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. काउंटर धरून तो वाकला. ती त्याची पाठ चोळत राहिली, आणि दुकानदारानं पाण्याची बाटली उघडून पुढे केली.

"तुम्ही स्वतः गाता का?" जरा वेळानं त्यानं विचारलं. चेष्टेचा सूर गेला होता.

"गायचो."

दुकानदारानं चष्मा खाली ओढून नाकावर घेतला. "मग मी तुम्हाला चुकीचा माल देत होतो. मेटलवाल्यांसाठी म्हणून जे बनवतात ना, त्यात खालचे आणि वरचे सूर उचललेले असतात. मधले दाबतात. दणका छान बसतो. पण माणसाचा आवाज नेमका मधेच असतो."

"मग मधलं न दाबणारा द्या," ती म्हणाली.

तो आतून एक करड्या रंगाचा, बोजड हेडफोन घेऊन आला. "रेकॉर्डिंगवाले वापरतात. रूपाला डावा आहे. पण पदरचं काही घालत नाही. जे आहे ते, जेवढं आहे तेवढंच ऐकवेल."

हे बोलणं तिला आवडलं. काट्यानंही तेवढंच करायचं असतं.

ढगानं डोळे मिटले. त्याची बोटं काउंटरवर ताल धरून चालली, मग मंदावली, मग थांबली. पूर्ण गाणं संपेपर्यंत तो तसाच उभा होता. नंतर त्यानं हेडफोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि काही न बोलता तिच्या डोक्यावर चढवला.

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच ऐकत होती. आधी नुसता लोंढा आला. मग हळूहळू त्यात वेगवेगळं दिसायला लागलं. डावीकडे एक गिटार, उजवीकडे दुसरी, मधे ड्रमरचे पाय. हा गोंगाट नव्हता. यात कुणीतरी खूप मेहनतीनं एकेक गोष्ट जागेवर ठेवली होती. आणि या सगळ्याच्या पलीकडे, लांब, कुणीतरी गडगडत होतं. शब्द कळत नव्हते. माणूसही ओळखू येत नव्हता.

तिनं एक कान मोकळा केला. "तू मागच्या खोलीत आहेस. दार लावून."

"दार मीच लावलंय," तो म्हणाला. "ड्रमर म्हणत होता, आवाज पुढे घेऊ. मीच म्हटलं, मागे ठेव. वाजवणारे माझ्याहून भारी आहेत, त्यांच्यात मिसळून जाऊ दे."

"लाजलास?"

"थोडासा."

दुकानदार नको तिथे बोलावं का या विचारात घुटमळला आणि बोलला. "साहेब, ज्यानं रेकॉर्ड केलं त्याच्याकडे नुसता तुमचा आवाज वेगळा असेल की. मिसळायच्या आधीचा."

"पुसला त्यानं. पुढच्या गाण्यांना जागा हवी होती. मी मागायला गेलो तर माझ्यापुढे रडायला लागला. मलाच त्याची समजूत काढावी लागली."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "कधी गेला होतास?"

त्यानं पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"पहिला हेडफोन घ्यायच्या आधी?"

"आधी."

म्हणजे त्याला माहीत होतं. ज्यात जे घातलेलंच नाही ते कुठल्याही हेडफोनमधून बाहेर यायचं नव्हतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिच्या मनात रागाची एक लाट उठली. ते सगळे खोके, त्या खेपा, दवाखान्याचे न घेतलेले फोन. मग तिची नजर त्याच्या कानामागे गेली. वळ जसाच्या तसा होता. राग कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

"शोधतोय म्हटलं की ठरवावं लागत नाही," तो पुटपुटला. "पार्किंग मिळेपर्यंत माणूस चकरा मारतो ना, तसं."

"पेट्रोल संपेल," ती म्हणाली.

तिनं हेडफोन नीट बसवला. "सुरुवातीपासून लाव परत."

त्यानं लावलं. या वेळी ती आवाजाच्या मागे लागली नाही. गिटारी चढत आल्या आणि त्याचं गाणं सुरू होण्याच्या अगदी आधी दोन्ही एकदम थांबल्या. त्या एवढ्याशा फटीत एक श्वास होता. खोल, ओढून घेतलेला, कडेला किंचित खरखरीत. हा कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही. गार पाण्याचा तांब्या अंगावर घ्यायच्या आधी तो असाच श्वास घ्यायचा. जड पेटी उचलायच्या आधी. लग्न करशील का, असं तिला विचारायच्या आधीसुद्धा. मग गिटारी कोसळल्या आणि तो पुन्हा दाराआड गेला.

"तुझा श्वास येतोय," ती म्हणाली. कानावर हेडफोन असल्यानं तिचं बोलणं जरा मोठ्यानंच झालं. "एकदम जवळ."

त्यानं तिचा एक कान सोडवून विचारलं, "कुठे?"

"तू सुरू करायच्या आधी."

"तो काढायचा असतो. पुसायचा राहिला वाटतं."

"राहू दे. मला तोच हवा." तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तिनं ती सोडली नाही. "आवाज गेला तर मी रडेन. खूप रडेन, तुला कंटाळा येईल. पण मला श्वास पुरेल. मग तो कुठूनही येऊ दे."

दुकानदार पाठमोरा होऊन रिकामे खोके एकात एक बसवत राहिला.

ढगानं तिचा मोकळा कान पुन्हा झाकला. गाणं संपलं होतं, आत काहीच वाजत नव्हतं. त्या जाड गादीमागून तिला त्याचे ओठ हलताना दिसले. ऐकू आलं नाही. काय म्हणाला असेल ते तिला दिसलंही होतं. तरीही तिनं हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

"परत म्हण."

त्यानं श्वास घेतला. तोच, खोल, कडेला खरखरीत.

"सर्जनबाईंना फोन लाव. मी सांगतो," तो म्हणाला. "काढा म्हणतो."