निळ्या पिंपातलं तेल

"ताइस्तो, गाडी ओढत नाहीये रे," रेडिओवर इल्पोचा आवाज आला आणि कॉफीच्या टेबलावरचं हसणं जागच्या जागी थांबलं.

सकाळचे नऊ वाजले होते. बाहेर उणे एकतीस. टेबलाशी आम्ही तिघं होतो: गॅरेजचा मालक योर्मा, चौतीस वर्षं इथल्या ट्रकांच्या पोटात हात घालून जगलेला मेकॅनिक ताइस्तो, आणि सुट्या भागांच्या खिडकीवर बसणारी मी, इर्मा. मध्ये दालचिनीच्या पावांचं ताट. फळीवरचा रेडिओ आमच्याकडे कधी बंद नसतो. जंगलातून लाकूड घेऊन निघालेला ड्रायव्हर मोठ्या चढाच्या पायथ्याशी आला की रेडिओवर तसं सांगतो, म्हणजे वरून येणारी रिकामी गाडी माथ्यावर थांबते. दोनच मिनिटांपूर्वी इल्पो म्हणाला होता, "भरलेली आहे, चढाला लागतोय." वरून ऊनो नावाच्या ड्रायव्हरनं उत्तरही दिलं होतं, "ये बाबा ये, थांबलोय."

"पिवळा दिवा लागलाय परत," इल्पो म्हणाला. "ताकदच कापली हिनं. ताइस्तो, ऐकतोयस का?"

ताइस्तोनं कप ठेवला नाही, टाकलाच. दोन ढांगांत तो रेडिओपाशी होता. "इल्पो, गिअर खाली घे. थांबू नको. काही झालं तरी थांबू नको!"

"मी कुठं थांबतोय? तीच थांबतेय." शपथेवर सांगते, तो हसला. मग म्हणाला, "सरकली."

एवढंच. भाजी संपली म्हणावं तसं म्हणाला.

त्यानंतर काही ऐकू आलं नाही, कारण ताइस्तोनं माइकचं बटण दाबून धरलं होतं. आपण बटण दाबलेलं असलं की समोरच्याचं ऐकू येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो बोलतही नव्हता. नुसता दाबून उभा होता. मी एकेक करून त्याची बोटं सोडवली, तेव्हा ऊनोचा ओरडण्याचा आवाज आला. इल्पोला नव्हे, देवाला हाका मारत होता.

लाकडासकट शहात्तर टनांची गाडी. बर्फाच्या चढावर तिचा वेग मेला की चाकं धरत नाहीत. ती मागे सरकते, ट्रेलर आडवा होतो आणि रस्त्याखाली जाताना पुढच्या केबिनलाही ओढून नेतो. इल्पोला बाहेर काढायला दोन तास लागले. तो कधीच गेला होता.

योर्मा तिकडे धावला. मी मात्र टेबलावर सांडलेली कॉफी पुसत बसले. पुसून झालं तरी पुसत होते. माणूस गेला असताना मी फडकं पिळत होते, याची मला अजून लाज वाटते.

*

आता तेलाचं सांगायला हवं.

आमच्या गॅरेजमध्ये दोन पिंपं आहेत, एक निळं आणि एक हिरवं. दोन वेगळ्या कंपन्यांची इंजिन ऑइलं. कंपन्यांची नावं कुणी घेत नाही, रंगानंच ओळखतात. इथले ड्रायव्हर मतदान कुणाला करतात हे बायकोलाही सांगत नाहीत, पण निळं की हिरवं हे अनोळखी माणसालासुद्धा ऐकवतात. ताइस्तो कट्टर निळा. सत्त्याण्णव साली हिरव्या तेलावरचं एक इंजिन त्याच्या हातात जाम झालं होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण ताइस्तोनं ताकाचं नावच टाकलं. हिरवं तेल तो दोन बोटांत चोळायचा आणि म्हणायचा, "हे तेल नाही, हा चहा आहे."

अडीच वर्षांपूर्वी योर्मानं नवा ट्रक घेतला आणि इल्पोला दिला. गाडीबरोबरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की कमी राखेचं, पातळ तेलच घालायचं. तसं तेल आमच्याकडे फक्त हिरव्या पिंपात होतं. योर्मानं ते पान मोठं करून भिंतीवर लावलं आणि बजावलं, "ताइस्तो, या गाडीत हिरवं. तुझं तत्त्वज्ञान जुन्या गाड्यांपुरतं ठेव."

"तू मालक. म्हणशील तर सरबत घालतो," ताइस्तो म्हणाला.

पहिल्यांदा त्यानं खरोखरच हिरवं घातलं. दुसऱ्या वेळी इल्पो माझ्या खिडकीशी आला. नाकाच्या शेंड्यापर्यंत टोपी ओढणारा, पन्नाशी ओलांडलेला, सतत काहीतरी चघळणारा माणूस. ताइस्तो माझ्याकडून फिल्टर घेत होता.

"निळं घाल," इल्पो हळूच म्हणाला.

"वेडा आहेस का? योर्मा डोकं फोडेल."

"योर्मा चालवतो का गाडी? मी चालवतो. मशीन वाजतं कसं ते मी ऐकतो ना. चहावर चालणारी गाडी मला नको. तूच सांगितलंस ना वीस वर्षं?"

"पुस्तकात लिहिलंय, इल्पो."

"पुस्तक लिहिणारा इथं हिवाळ्यात आलाय का कधी?"

ताइस्तोनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीवरच्या याद्या चाळू लागले. मला काय करायचंय, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी हे वाक्य जितक्यांदा म्हटलं असेल, तितक्यांदा त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली आहे.

तेव्हापासून त्या गाडीत निळं जात राहिलं. प्रत्येक गाडीच्या दाराच्या चौकटीत एक कार्ड असतं. त्यावर तारीख, तेलाचं नाव आणि मेकॅनिकची सही. त्याची दुसरी प्रत गॅरेजच्या खिळ्याला. ताइस्तो कार्डावर हिरव्याचं नाव लिहायचा आणि खाली सही ठोकायचा. चौतीस वर्षांत त्यानं केलेली ही एकच लबाडी, आणि तीही मित्राच्या हट्टापायी.

निळं तेल वाईट नाही, जुन्या इंजिनांना ते अमृत आहे. पण त्याची राख जास्त. नव्या गाड्यांच्या धुराड्यात एक जाळी असते, राख तिच्यात साचत जाते आणि जाळी तुंबली की इंजिन स्वतःला वाचवायला स्वतःची ताकद कापतं. अपघाताच्या आठवडाभर आधी तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला होता. इल्पोनं तासाभरात गाडी आणून दाखवली. ताइस्तोनं ती अंगणात उभी करून इंजिन तापवलं, जाळीतली काजळी जाळली आणि दिवा विझवला. "वसंतापर्यंत चालेल. मग जाळी काढून बघतो," तो म्हणाला. काजळी जळते, राख जळत नाही. हे त्याला माहीत होतं. पण आत किती राख साठली आहे, ते त्यानं पाहिलं नाही. मला वाटतं, पाहायची भीती वाटली.

*

गावाचा निकाल पोलिसांच्या आधी लागला. दुसऱ्याच दिवशी पेट्रोल पंपावर ऊनो सांगत होता, "पिवळा दिवा काय एका मिनिटात लागतो? आधीपासून लागत असणार. इल्पोनं काणाडोळा केला आणि भरलेली गाडी चढावर घातली. वर मी उभा होतो माहितीय? दोन मिनिटं आधी निघालो असतो तर मलाही घेऊन गेला असता."

आमच्याकडे लाकडाच्या गाडीच्या ड्रायव्हरबद्दल यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही. दारू पितो म्हटलं तर लोक समजून घेतात. दिवा लागलेली गाडी घेऊन चढला म्हटलं, की त्याच्या बायकोला दुकानात लोक रस्ता देतात, पण डोळे देत नाहीत.

इल्पोची बायको हेल्वी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिसऱ्या दिवशी ती इल्पोचं कपाट रिकामं करायला गॅरेजवर आली. नेमकी तेव्हाच पोलीसबाईही आल्या होत्या. तरुण होत्या, नाक थंडीनं लाल झालेलं. त्यांनी कार्डाची प्रत मागितली. योर्मानं खिळ्यावरून काढून दिली.

"तेल पुस्तकाप्रमाणे आहे," त्या वाचत म्हणाल्या. "सर्व्हिस वेळेवर. म्हणजे गाडीत दोष नव्हता."

म्हणजे दोष कुणाचा, ते त्या बोलल्या नाहीत. हेल्वी मांडीवर खोकं घेऊन बाकावर बसली होती. खोक्यात थर्मास, लोकरीचे मोजे आणि दोन हातमोजे. दोन्ही डाव्या हाताचे. तिनं खोक्याचं झाकण लावलं.

ताइस्तो गाडीखाली होता. तो बाहेर आला, आणि कुणीही काही विचारलेलं नसताना म्हणाला, "ते कार्ड खोटं आहे."

योर्मा हसला. खरंच हसला, कारण त्याला वाटलं हा कसला तरी विनोद आहे.

"मी निळं घातलं," ताइस्तो म्हणाला. "दोन वर्षं. लिहिलं हिरवं. त्या तेलानं जाळी तुंबली. आठवड्यापूर्वी दिवा लागला तेव्हा इल्पो गाडी लगेच घेऊन आला होता. त्यानं काणाडोळा केला नाही. मी काजळी जाळली आणि जा म्हणालो. लिहून घ्या."

योर्माचं हसू चेहऱ्यावरच विटलं. "अरे, तुला कळतंय का काय बोलतोयस? कोर्टात उभं करतील तुला! दोन वर्षांत पेन्शन आहे तुझी!"

"कळतंय."

"मी पान लावलं होतं भिंतीवर! एवढं मोठं!"

"लावलं होतंस. तुझी काही चूक नाही."

पोलीसबाईंनी वही उघडली. "ड्रायव्हरला माहीत होतं का, कोणतं तेल जातंय ते?"

आता तो खरं सांगणार. इल्पोनं स्वतः मागितलं होतं, हट्ट धरला होता, मी कानांनी ऐकलं होतं. निम्मा भार तर मेलेल्याच्या खांद्यावर जाणार होता, आणि तो न्यायाचाच होता.

"नाही," ताइस्तो म्हणाला. "त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटायचं हिरवंच आहे."

चौतीस वर्षं ज्याच्याबरोबर दुपारचा डबा खाल्ला, त्या माणसाला मी ओळखतच नव्हते की काय? त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बाकावर हेल्वी ताठ बसली होती. तिनं खोक्याच्या झाकणावरचा हात उचलला आणि परत ठेवला. पोलीसबाईंनी लिहिलं, ताइस्तोनं वाचलं आणि सही केली. कार्डावर करायचा तशीच, एका झटक्यात.

*

हेल्वीला मी माझ्या गाडीतून घरी सोडलं. गोठलेल्या सरोवरावरून पलीकडे जाईपर्यंत तिनं खोकं मांडीवरून हलवलं नाही.

मग म्हणाली, "तेल बदललं की त्या दिवशी सॉनाच्या वाफेत बसल्या बसल्या इल्पो मला सांगायचा, 'आज पोरगी निळं प्यायली गं. योर्माला कळलं तर फेफरं येईल.' आणि हसून हसून पळीतलं पाणी सांडायचा."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. "म्हणजे तुला माहीत होतं? मग तिथं बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

वायपर कोरड्या काचेवर फिरत होते, ते मी बंद केले.

"उद्या मला शाळेत सूप वाढायचंय," हेल्वी म्हणाली. "त्या पोरांचे बाप सगळे ड्रायव्हर. कालपर्यंत ती पोरं माझ्याकडे बघत नव्हती. उद्या बघतील."

"पण हेल्वी, ताइस्तोला शिक्षा होईल."

"होईल." तिनं खोकं पोटाशी घट्ट धरलं. "मला राग आलाय गं त्याचा. इतका की तो समोर आला तर काय करीन सांगता येत नाही. इल्पोचाही आलाय. दोन म्हातारे, आणि तेलावरून..." ती रडली आणि मीही रडले.

घरापाशी उतरताना ती दार धरून थांबली. थंडी आत येत होती.

"शवपेटी उचलायला सहा जण लागतात," ती म्हणाली. "पाच झालेत. ताइस्तोला सांग, दोन आठवड्यांनी शनिवारी. उशाकडची जागा त्याची."

उशाकडची जागा आमच्याकडे मुलाची असते, नाहीतर भावाची. मी काही म्हणायच्या आत तिनं दार लावून घेतलं.

मी गॅरेजवर परतले तेव्हा योर्मा निघून गेला होता. ताइस्तो आपली हत्यारं पुसून पेटीत लावत होता, कारण उद्यापासून त्याला यायचं नव्हतं. मी निरोप सांगितला. जसा दिला तसाच, एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

त्यानं पाना खाली ठेवला. "ती म्हणाली असं?"

"हो."

"उशाकडची?"

"उशाकडची."

तो मोरीपाशी गेला. बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, साबणाचा डबा उघडला आणि ब्रशनं नखं घासायला लागला. चौतीस वर्षांचं काळं होतं, ते एका दिवसात निघणारं नव्हतं. मी कोट चढवून निघाले तेव्हाही तो घासतच होता.