बारा पॉइंट सात

माझं डोकं फिरवायचं असेल, तर माझ्यासमोर फक्त ‘दहा पॉइंट दोन’ म्हणा. बाकी काही करायची गरज नाही.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक प्रयोग असतो. फ्लास्कमध्ये गरम ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायचं, वर ब्युरेट नावाच्या लांब काचेच्या नळीत जांभळं परमँगनेट भरायचं आणि तोटी फिरवून ते थेंब थेंब खाली सोडायचं. पडलेल्या थेंबाचा रंग लगेच उडून जातो. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. तिथे थांबायचं आणि ब्युरेटवरची खूण वाचायची. आमच्या भागातल्या सगळ्याच कॉलेजांत द्रावणं वर्षानुवर्षं त्याच मापाने करतात, त्यामुळे खूणही तीच येते, दहा पॉइंट दोन मिलिलिटर. वरच्या वर्गाच्या जर्नलमधून ती खालच्या वर्गाकडे येते. तीन वेळा वाचन घ्यायचं असतं, म्हणून मुलं तीच तीनदा लिहितात. एखादा फार हुशार असला तर मधलं वाचन दहा पॉइंट तीन करतो, खरं वाटावं म्हणून!

एकोणीस वर्षं मी घसा कोरडा केला. एकदा तर एका महाभागाने ब्युरेट भरायच्या आधीच वाचन लिहिलेलं मी पकडलं. जर्नल भिरकावून दिलं. त्याने ते शांतपणे उचललं, झटकलं आणि म्हणाला, “पण मॅडम, उत्तर बरोबर आहे ना?” बरोबरच होतं.

यंदाच्या वर्गात मात्र एक मुलगी होती. पोरं तिला ‘थेंबू’ म्हणायची. सगळे अर्ध्या तासात हात धुऊन कँटीनला पळायचे, आणि ही फ्लास्क फडक्यात धरून, खाली पांढरी फरशी ठेवून, एकेक थेंब सोडत बसायची. दोन तास संपले तरी हिचं आपलं चालूच. तिच्या वडिलांची लॉन्ड्री. माझा परमँगनेटने डागाळलेला ॲप्रन त्यांच्याकडेच जायचा. एकदा तो परत देताना ते म्हणाले, “मॅडम, आमची बाई पुढे केमिस्ट्रीच घेणार म्हणते. जमेल का हो? हात फार संथ आहे तिचा.”

“संथ हातच लागतो,” मी म्हणाले. त्या दिवशी मी अगदी उड्या मारत घरी गेले. इतक्या वर्षांत एक तरी सापडली!

तिला जिथे जायचं होतं, तिथे प्रात्यक्षिकात तीसपैकी किमान पंचवीस गुण लागत होते. त्याखाली अर्जच घेत नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दोन लिटर द्रावणासाठी परमँगनेट तोलून ठेवलं. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, दुसऱ्या कॉलेजची दहा मुलं आपल्या केंद्रावर येणार. बैठकव्यवस्था बदला, नंबर बदला, नुसती धावपळ. जाता जाता मी मामांना ओरडून सांगितलं, “मामा, दोनचं अडीच लिटर करा हो!” मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, माझ्याही आधीपासूनचे. त्यांनी अडीच लिटर केलं. पावडर तेवढीच, पाणी जास्त.

दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांनी ते पातळ द्रावण ब्युरेटमध्ये भरलं. एकोणचाळीस जणांनी लिहिलं, दहा पॉइंट दोन. थेंबूने लिहिलं, बारा पॉइंट सात.

बाहेरून आलेले परीक्षक निवृत्तीला टेकलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिच्या पेपरवर लाल रेघ ओढली आणि या प्रयोगाचे पंधरापैकी चार दिले. “अडीच मिलिलिटरचा फरक, मॅडम! हिने काय डोळे मिटून केलं?”

माझा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथे स्वतः ब्युरेट भरला. एकदा केलं, दोनदा केलं. बारा पॉइंट सात. मग मामांना गाठलं.

“तुम्हीच म्हणालात अडीच करा,” मामा म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीच म्हणाले होते.

मी परीक्षकांना सगळं सांगितलं. “चूक माझी आहे, सर. मुलीचं उत्तर बरोबर आहे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे बाकीच्या एकोणचाळीस जणांनी प्रयोग केलाच नाही?”

“केला असेल. ब्युरेट वाचला नाही.”

“मला हे वर कळवावं लागेल. सगळ्यांची परीक्षा पुन्हा होईल. तुम्हाला मेमो मिळेल.”

“मिळू दे.” एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्यांना मात्र हे झेपत नव्हतं. जरा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. “असं करू. तिला पुन्हा बोलवा. तुमच्या देखरेखीखाली एकच वाचन घेऊ दे. तिचं दहा पॉइंट दोन आलं, तर मघाशी हात चुकला असं समजून पूर्ण गुण देतो. बारा पॉइंट सात आलं, तर तिला पूर्ण गुण आणि मी रिपोर्ट लिहितो.”

मला वाटलं, जिंकले! दोन्हीकडून तिचे गुण पक्के होते. आणि तिच्या हाताबद्दल मला शंका नव्हती.

तिला बोलवायला बाहेर गेले, तर पॅसेजमध्ये सगळे तिच्याभोवती गोळा झालेले. मामा सगळं ऐकून माझ्याआधीच बाहेर पोचले होते; त्यांच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे सगळ्यांना सगळं कळलं होतं. “थेंबू, प्लीज हां,” एक मुलगी तिचा हात धरून म्हणत होती. मागून एक जण गुरकावला, “आमचं वाटोळं केलंस ना, तर बघ.” मी सगळ्यांना हाकललं आणि तिला आत आणलं. “घाबरू नकोस,” मी म्हणाले. “नेहमी करतेस तसंच कर.”

तिने नेहमीसारखंच केलं. ब्युरेट आधी द्रावणानेच विसळला, हवेचा बुडबुडा काढला, फ्लास्क तापवून फडक्यात धरला. शेवटी शेवटी तर एक थेंब सोडून ती पाचपर्यंत मोजत होती. गुलाबी छटा आली, टिकली. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. बारा पॉइंट सात. रेघेवर रेघ.

परीक्षक खुर्चीतून उठले नाहीत. चहाचा कप तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, “हं, किती आलं?”

ती ब्युरेटकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दहा पॉइंट दोन, सर.”

“शाब्बास,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. लाल रेघेशेजारी त्यांनी पंधरापैकी पंधरा लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. “मॅडम, तुम्ही पाहिलंत ना? अंतर्गत परीक्षक म्हणून सही करा.”

टेबलापासून तो ब्युरेट चार पावलांवर होता. मी एवढंच म्हणायचं होतं, ‘सर, जरा इकडे येऊन बघा.’ पण मग परीक्षकासमोर खोटं बोलली म्हणून ती अडकली असती. पंधरा गुण, लॉन्ड्रीवाला बाप, पुढचं कॉलेज, सगळं त्या एका कागदावर होतं. मी रागारागाने पेन उघडलं. राग कुणाचा, तेही धड कळत नव्हतं. मी सही केली.

परीक्षक कागद घेऊन ऑफिसकडे गेले. ती सिंकपाशी उभी राहून ब्युरेट धुवायला लागली. मी तिच्यापाशी गेले.

“काय दिसलं होतं तुला?”

“बारा पॉइंट सात.”

“मग खोटं का सांगितलंस? तुझे गुण जाणार नव्हते. दोन्हीकडून पूर्णच मिळणार होते तुला.”

“माहिती होतं, मॅडम. मामांनी सांगितलं होतं.” तिने नळ बंद केला. “पण तुम्हालाही तेच दिसलं होतं ना? तुमची सही आहे त्याच्यावर.”

उलट बोलल्यासारखं तिच्या आवाजात काहीच नव्हतं. वर्गात शंका विचारायची, तशीच तिने ती विचारली, आणि उत्तरासाठी थांबून राहिली.