कोवळ्या रोपांना खारं पाणी

चिठ्ठी तंबूच्या चेनशेजारी चिकटवलेली होती. ओनो हार्म्सनं ती एकदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मंगळवारी तिन्ही रोपं मोठ्या कुंड्यांत लावायची. पाणी फक्त कुंडी उचलून हलकी लागली तरच. आणि खाली ठळक अक्षरांत: बाबा, खत अजिबात नाही, मातीत आधीच आहे. त्याखाली तीन रेघा, आणि शेजारी खताच्या बाटलीचं चित्र काढून त्यावर भली मोठी फुली.

चित्रसुद्धा काढलं होतं. म्हणजे म्हाताऱ्याला वाचता आलं नाही तर पंचाईत नको.

आता हा ओनो म्हणजे खिडकीत दोन फुलझाडं लावून मिरवणारा हौशी माणूस नव्हे. लेअर गावाबाहेरच्या काचघरांत त्यानं एकेचाळीस वर्षं टोमॅटो पिकवले होते. पानाचा रंग बघून रोपाला काय कमी पडतंय ते तो दारातूनच सांगायचा. हाताखालची माणसं त्याला टरकून असत, आणि त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. त्या माणसाला त्याच्याच पोटची पोर फुलीचं चित्र काढून दाखवते! मिरच्या झोंबल्या त्याला.

टॉम्के, त्याची एकुलती एक मुलगी, त्रेचाळिशीची. तिला नसांचा आजार. पाय लाकडासारखे ताठ व्हायचे आणि पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ती उशीत तोंड खुपसून पडायची. गोळ्यांनी दिवसभर झोप, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गांजानं डोकं गरगरायचं. एकच गोष्ट तिला मानवली होती. शेजारच्या गेशेनं वर्षानुवर्षं जपलेली गांजाची एक जात. तिच्या तेलाचे चार थेंब घेतले की पाय सैल पडत आणि डोकंही जागेवर राही. कायद्यानं आता माणशी तीन रोपं चालतात, म्हणून टॉम्केच्या मागच्या खोलीत कपाटाएवढा काळा तंबू उभा होता, आत दिवा आणि पंखा. गेशेकडच्या शेवटच्या तीन बिया त्यात उगवल्या होत्या. तेलाची बाटली ऑगस्टपर्यंत पुरणार होती, आणि रोपंही तोडणीला ऑगस्टमध्येच येणार होती. हे सगळं ओनोला ठाऊक होतं. टॉम्के तीन आठवड्यांसाठी समुद्रकाठच्या उपचार केंद्रात गेली आणि घराची किल्ली त्याच्या हातात देऊन गेली.

मंगळवारी त्यानं काम केलं ते मात्र बघत राहावं असं. मोठ्या कुंडीत माती भरली, ओली केली, मधोमध रिकामी छोटी कुंडी दाबून नेमका तिच्याच मापाचा खड्डा केला. रोपाचं देठ दोन बोटांत धरून छोटी कुंडी उलटी केली, तळाला एक टिचकी मारली, आणि मुळांचा पांढरा गोळा अलगद हातात आला. एक धागा तुटला नाही. खड्ड्यात ठेवून कडेची माती बोटांनी जराशी लोटली. दिवा वीतभर वर घेतला. तिन्ही रोपं ताठ उभी राहिली.

इथंच त्यानं चेन लावून घरी जायला हवं होतं.

पण तो स्टुलावर बसून राहिला, रोपांकडे बघत. पानं जरा फिकी वाटली. आणि टोमॅटोवाल्यांची एक रीत असते. कोवळं रोप मोठ्या जागी लावलं की त्याला खतानं खारं झालेलं पाणी पाजायचं, म्हणजे ते नुसतं पानांनी माजत नाही, लवकर फुलावर येतं. एकेचाळीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. चिठ्ठी समोरच होती. ती त्यानं तिसऱ्यांदा वाचली. चौथ्यांदाही वाचली. मग सायकल काढली, घरी जाऊन तळघरातलं आपलं खत आणलं आणि टोमॅटोला घालतो तेवढंच घातलं.

"बघू या कोण कुणाला शिकवतं ते," असं तो तंबूत मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

शुक्रवारी पानांची टोकं पिवळी पडली, शनिवारी तपकिरी. रविवारी पानं खाली वळली, नखं वळल्यासारखी. काय झालंय हे ओनोला दारातूनच कळलं, तेवढं तर त्याला येत होतंच. टोमॅटोच्या काचघरात माती नसते, दगडापासून केलेली लोकर असते, सगळं खाणं पाण्यातूनच. इथं माती आधीच भरल्या ताटासारखी होती. त्यानं घाबरून बादल्याच्या बादल्या पाणी ओतून खत धुवायला घेतलं. मातीचा चिखल झाला. पुढच्या बुधवारी दोन रोपं बुडाशी मऊ पडून कोसळली. तिसरं जगलं, पण कसं, तर वाकडंतिकडं, वाढ खुंटलेलं.

टॉम्के परत आली तेव्हा त्यानं उत्तरं तयार ठेवली होती.

"बी जुनं होतं," स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तो म्हणाला. "गेशेनं कुठल्या डब्यात ठेवलं होतं कोण जाणे. असलं बी उगवतं, दोन दिवस तोरा दाखवतं आणि मान टाकतं. मी काही कमी केलं नाही."

टॉम्केनं त्याच्याकडे पाहिलं. आता विचारेल, आता विचारेल, म्हणून तो टेबलाची कड धरून बसला होता.

"असेल," ती म्हणाली. "तू दमलेला दिसतोस बाबा."

मग काठी टेकत ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. ओनो सुटल्यासारखा घरी आला. पण रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

दोन दिवसांनी दुपारच्या चहाला गेशे आली. पंचाहत्तरीची बाई, सारं आयुष्य बोटींवर स्वयंपाक करण्यात गेलेलं, तोंडाची अशी फटकळ की खलाशी वचकून असत. ओनोला ती 'टोमॅटोचे महाराज' म्हणायची, तेही भर बाजारात. आज ती एकही टोमणा न मारता त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"ओनो, आज काय जेवलास?"

"बटाटे आणि हेरिंग मासे. का गं?"

"आणि काल?"

"काल काय, तेच. तू काय माझी सासू आहेस?"

ती हसली, पण तिचं नेहमीचं गडगडाटी हसू नव्हतं. "बरं. त्या रोपांचं मनाला लावून घेऊ नकोस हं. बी माझंच जुनं असणार. चूक माझी."

ओनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाई, जी कुणाच्या बापाला ऐकायची नाही, ती त्याच्या पापाचं खापर आपणहून डोक्यावर घेत होती. बोल, म्हणून त्यानं स्वतःला बजावलं. पण काहीतरी करायचं म्हणून त्यानं चमचा उचलला आणि चहा ढवळायला लागला.

लेअरमध्ये चहा कुणी ढवळत नाही. तळाला खडीसाखर, वर सायीचा ढग, आणि आधी साय, मग कडू, मग गोड असा तो प्यायचा. दुधाचे दात असलेल्या पोरालाही हे कळतं. ओनो गोल गोल ढवळत राहिला. गेशेनं टॉम्केकडे पाहिलं, टॉम्केनं मान खाली घातली. ओनोला वाटलं, मी चहा ढवळला याची लाज वाटून ती माझ्याकडे बघत नाहीये. ते खरंही होतं, पण त्या ढवळण्याचा दोघींनी काय अर्थ लावला ते त्याला समजलं नाही.

गेशे गेल्यावर टॉम्केनं कपबश्या आवरल्या नाहीत. ती समोर बसली.

"बाबा, गुरुवारी दहा वाजता आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय. मी वेळ घेतलीय."

"तुझ्या पायांसाठी?"

"नाही. तुझ्यासाठी." ती थांबली. "आठवणीच्या डॉक्टर आहेत. फार चांगल्या आहेत म्हणे. चित्रं दाखवतात, घड्याळ काढायला सांगतात, बाकी काही नाही."

ओनोनं चमचा बशीत ठेवला.

"मी आले त्या दिवशीच कुंडीखाली साचलेलं पाणी तपासलं," ती म्हणाली. पाण्यातलं मीठ मोजायची पेनाएवढी सळई असते, ती त्यानं आयुष्यभर स्वतःच खिशात बाळगली होती. "आकडा पार वर गेला होता. तू खत घातलंस. चिठ्ठी डोळ्यांसमोर होती, रोज दिसत होती, तरी तुझ्या लक्षात राहिलं नाही. तुझा दोष नाही त्यात. मी गेशेला सांगितलं, त्याला काही बोलू नकोस. खरं तर मीच तुझ्यावर टाकायला नको होतं. मला माफ कर."

तिचे डोळे भरून आले होते. टेबलाखाली तिचा उजवा पाय थरथरत होता, आणि ती तो दोन्ही हातांनी दाबून धरत होती, त्याला दिसू नये म्हणून.

देवानं दार उघडावं तसं दार उघडं होतं. मान हलवायची, एवढंच. हो पोरी, हल्ली होतं तसं, किल्ल्याही सापडत नाहीत. गुरुवारी जायचं, घड्याळ जरा वाकडं काढायचं. दोघी आणखी जपतील. कुणी कधी नाव ठेवणार नाही. ओनोनं तोंड उघडलंसुद्धा त्यासाठी. आणि मग त्या पायाकडे बघता बघता त्याला स्वतःची इतकी किळस आली की बसवेना. तो उठून उभा राहिला, जसा कधीकाळी मालकासमोर उभा राहायचा.

"मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"बाबा, असू दे."

"असू दे नाही. ऐक. मी चिठ्ठी चारदा वाचली. चौथ्यांदा वाचली आणि घरी जाऊन खत आणलं. मला राग आला होता. तू मला शिकवतेस याचा. तुला दाखवून द्यायचं होतं."

टॉम्केचा चेहरा हळूहळू बदलला. आधी तिला ते पटेना, मग पटलं. ते पटताना बघणं ओनोच्या नशिबी आलं.

"आणि बी जुनं होतं, हे?"

"तेही ठरवून बोललो."

"आणि आत्ता गेशे माफी मागत होती, तेव्हा?"

"तेव्हाही मला सगळं ठाऊक होतं."

दोन दिवस ती बाप हातचा जातोय म्हणून रडली होती, हे तिच्या सुजलेल्या पापण्यांवरून आता कुणालाही कळलं असतं. पाय फारच ताठला तेव्हा तिनं टेबलाला धरून तो लांब केला. ओनो तिची पोटरी चोळायला वाकला.

"नको," ती म्हणाली. "हात नको लावूस."

तो तसाच मागे सरकला. ती फोनकडे गेली, कागदावरचा नंबर बघून फिरवला आणि पाठमोरी उभी राहिली.

"हार्म्स बोलतेय. गुरुवारी दहाची वेळ माझ्या वडलांसाठी घेतली होती, ती रद्द करायची आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, दुसरी वेळ नको," टॉम्के म्हणाली. "त्यांना सगळं नीट आठवतं."