सरजाबाईंच्या वरणाला आमची फोडणी

काविळीच्या माणसाला तेलाचा थेंब द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा हे माझ्याकडे बघून हसले. हे म्हणजे माझे यजमान बन्सीधर, पूर्णा स्टेशनात पार्सलचे कारकून. भाकरीवर तेलातिखटाचा भुरका ओतल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्यांना आता दीड महिना बिनतेलाचं जेवायचं होतं. त्यांना त्याचंच हसू आलं. मला मात्र हसू येईना.

माझ्या माहेरी, पेडगावला, फोडणी बंद होते ती एकाच वेळी, घरातलं माणूस गेल्यावर. सुतकात तेल तापत नाही, सगळं नुसतं उकडून खायचं. एरवी ताप असो, परीक्षेत नापास झालेलं असो की कुणी बोल लावलेला असो, माझी आई लसणाची फोडणी दिलेलं वरण पुढं ठेवायची. त्या चर्र आवाजानंच निम्मं दुखणं पळायचं. आणि इथं लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले, नवरा हळदीसारखा पिवळा पडून अंथरुणावर, आणि घरात मोहरी तडतडायची नाही? मला ते सोसवेना. बरं, सांगू कुणाला? असलं तोंडून काढणं म्हणजे अपशकुनाला आवतण देणं.

मग मी माझ्यापुरती वाट काढली. त्यांना ज्वारीच्या कण्या, ताक आणि मीठ. कण्या सासूबाईंनी वालूरहून एसटीनं पाठवल्या होत्या, पिशवीभर. माझ्यासाठी वाटीभर वरण. त्या वरणावर रोज दुपारी लोखंडी पळीत चमचाभर तेल तापवून मी मोहरी, लसूण आणि लाल मिरचीची अशी काही फोडणी द्यायचे की दोन खोल्यांचं क्वार्टर दणाणून जायचं. या घरात फोडणी पडते आहे, हे मला सगळ्या जगाला ऐकवायचं होतं. वरण मला गोडही लागत नव्हतं, पण नेटानं संपवत होते.

हे पहिल्या दिवशी अर्धं ताट जेवले. दुसऱ्या दिवशी चार घास. चौथ्या दिवशी दोन घास घेऊन ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. काय होतंय विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई."

आठव्या दिवशी डॉक्टरांनी वजन केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दोन दिवसांत जेवण सुधारलं नाही, तर परभणीला दाखल करावं लागेल," ते म्हणाले. परभणीच्या दवाखान्यातून माझे काका परत आले नव्हते. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

दुपारी त्यांनी परत ताट सरकवलं, तशी मी भडकले. "मी सकाळपासून खपायले ते कुणासाठी? दोन घास खाता येत न्हाईत तुमाला?"

"तू जेव की तुझं चांगलंचुंगलं," हे भिंतीकडे बघतच म्हणाले. "तुझं चालू दे."

"म्हंजे?"

हे उठून बसले. एवढ्यानंही त्यांना धाप लागली. "आमच्यात आजारी माणसाला एकटं जेवू देत न्हाईत. मला गोवर निघाला तवा घरात अकरा माणसं होती. नऊ दिवस सगळ्यांनी कण्याच खाल्ल्या. आजोबा लय कुरकुरायचे, पण माझ्या ताटाला ताट लावून बसायचे. अन् तू रोज माझ्या नाकापुढं फोडणी द्यायलीस. घास कसा उतरंल?"

मग जे आठ दिवस दाबून धरलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. सुतक, तेल, आई, परभणीचा दवाखाना, सगळं. रडत रडत मी म्हणाले, "मी काय चवीसाठी करायले व्हय? तुमी जितेजागते हाव, हे मलाच कळावं म्हणून करायले."

"अन् मला वाटलं, बायको चटोर हाय," हे म्हणाले. मला रडता रडता हसू फुटलं.

मग डोकं त्यांनीच चालवलं. पलीकडच्या क्वार्टरात गार्ड लिंबाजींची बायको राहायची, सरजाबाई. त्यांचं वरण रोज आमच्याच वेळेला शिजायचं. "त्यांचं पातेलं आण," हे म्हणाले, "फोडणी आपल्या घरात दे, अन् वरण त्यांचं त्यांना परत कर. तू माझ्यासंगं कण्या खा."

मी कुंपणावरून सरजाबाईंना हाक मारली. लाजत लाजत सगळं सांगितलं. त्यांनी कसला प्रश्न विचारला नाही, पदरानं धरून गरम पातेलंच पुढं केलं. "लसूण जरा जास्त टाक गं," एवढंच म्हणाल्या. आमच्या स्टोव्हवर फोडणी तडतडली, वरणात पडून फुसफुसली, आणि पातेलं कुंपणावरून माघारी गेलं.

मग मी माझं ताट त्यांच्या ताटाला लावलं. दोन्हीत कण्या, ताक आणि मीठ. पहिला घास घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. "ओल्या भिंतीचा पोपडा खाल्ल्यावानी लागतंय," मी म्हणाले.

हे खो खो हसले. हसताना ठसका लागला, तरी हसतच राहिले, आणि त्या हसण्यातच त्यांचं ताट संपलं. अजून मागितलं तर पातेल्यात काहीच नव्हतं. चार दिवस त्यांचे दोन घासच हिशेबात धरून मी शिजवत आले होते. मी माझ्या ताटातल्या कण्या त्यांच्याकडे लोटल्या. त्यांनी त्यातल्या निम्म्या परत माझ्याकडे सरकवल्या.

"उद्या जरा जास्त शिजव," हे म्हणाले.

आजारी पडल्यापासून उद्याचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. मी तशीच उष्ट्या हातानं उठले आणि पिशवीतून दोघांना पुरतील एवढ्या कण्या काढून ठेवल्या.