काचेवर आलेला पांढरा थर

बाबांनी तांब्यातलं पाणी मंत्र पुटपुटत खिडकीवर मारलं आणि काचेवरचा पांढरा थर बघता बघता नाहीसा झाला. दारात दाटलेल्या गर्दीने हात जोडले. वहिनी मात्र लेकीला, छकुलीला, घेऊन मागे सरकली, कारण खिडकी तिच्याच घरची होती.

"बुडालेल्याचा श्वास आहे हा," बाबा डोळे मिटून म्हणाले. "गेल्या वर्षी समुद्राने तुझा नवरा घेतला, आता तो लेकीला न्यायला येतोय. आज पुसला, उद्या परत उमटेल. परवा संध्याकाळी पोरीला घेऊन मी पाण्यात उतरतो. छातीभर पाण्यात तिला उभी करतो आणि दोघांच्या मध्ये पडतो."

मध्ये पडणार म्हणे! डबकं ओलांडायला ज्याला दोन चेले धरावे लागत, तो समुद्राशी बोलणी करणार होता. पण जीव मुठीत धरून बसलेल्या बाईला हसू कुठून येणार? दुसऱ्या दिवशी काच पुन्हा पांढरी झाली, तेव्हा तिने छकुलीला पोटाशी घट्ट धरलं आणि खिडकीला चादर लावली.

त्याच दुपारी नणंद आली. फुटलेल्या लाटांचे तुषार हवेतून कुठवर जातात, याचं गणित संगणकावर मांडायचं हीच तिची नोकरी.

"वहिनी, वेड लागलंय का तुला? मीठ आहे ते! लाटेतले बुडबुडे फुटले की बारीक थेंब उडतात. जड थेंब किनाऱ्यावरच पडतात, हलके वाऱ्याबरोबर आत येतात. वाटेत पाणी सुकतं, मीठ काचेला चिकटतं. थांब, दाखवतेच."

तिने सोबतच्या संगणकात कालच्या वाऱ्याचे आकडे भरले. पडद्यावरच्या नकाशात लाल रंग किनाऱ्यावरून सरकत आला आणि घरापर्यंत पोचण्याच्या बराच आधी थांबला. तिने पुन्हा गणित चालवलं. पुन्हा तिथेच. नणंदेचा चेहरा उतरला.

"बघा वन्सं," वहिनी म्हणाली. "मीठ इथवर येतच नाही. म्हणजे तेच आलेत."

नणंद उठली. तिने चादर बाजूला केली आणि बाहेर बघतच राहिली. "अगं, किनाऱ्यावरची सुरूची झाडं कुठे गेली?"

"बाबांच्या मंडपासाठी तोडली. महिना झाला."

"आणि माझ्या नकाशात ती अजून उभीच आहेत, मीठ अडवत! माझं डोकं बघ!"

तिने झाडांची रांग पुसली. लाल रंग सरळ वहिनीच्या दारात आला. "आता ऐक. उद्या वारा फिरणार. तुझी काच स्वच्छ राहील आणि मंडपाकडचं सगळं पांढरं होईल."

"आणि चुकलं तर? पोर माझी आहे हो, वन्सं."

दुसऱ्या दिवशी घरची काच लख्ख राहिली. तरीही संध्याकाळी वहिनी छकुलीला घेऊन किनाऱ्यावर गेली. भीती अशी एका दिवसात सुटत नाही. समुद्र खवळलेला होता. बाबांनी पोरीचं मनगट धरलं, तशी ती किंचाळली, "आई, मला नाही जायचं!"

"बाबा," गर्दीतून नणंद ओरडली, "तुमच्या गाडीची काच पांढरी झालीय! तुम्हाला न्यायला कोण आलंय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मंडपाशेजारच्या गाडीची काच खरंच पांढरीफटक पडली होती. बाबा गरजले, "हात लावाल तर भस्म व्हाल!"

वहिनी पुढे झाली. तिने काचेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं. मग मंडपातली नळाच्या पाण्याची बादली काचेवर उपडी केली. मंत्र नाही, तंत्र नाही, थर गेला!

"मीठ आहे हो," ती रडत म्हणाली. "नुसतं मीठ!"

ती तशीच धावली आणि तिने बाबांच्या हातातून पोर ओढून घेतली.

"मी भ्यायले होते," ती गर्दीला म्हणाली, "अजूनही अंग कापतंय. तुम्हीही भ्या, त्यात लाज कसली? पण पोटचं पोर कुणाच्या हाती देण्याआधी काचेवर एक बोट फिरवून बघा. मी ते आज केलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर?"